वस्फीचा बोलण्याचा पेपर

वस्फी पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा मला तो मुका वाटला.

राजधानी अम्मानच्या उत्तरेला, इर्बिदला विद्यापीठाच्या फाटकासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, बाइंडिंग, आणि ज्यांना संगणकावर अर्ज भरायची धास्ती वाटते त्यांचे अर्ज भरून देणं, हा माझा धंदा. नवरा गेल्यापासून मी एकटीच तो चालवते. त्या दिवशी पाऊस होता, काउंटरवर विद्यार्थ्यांची झुंबड होती, आणि चाळिशीचा एक उंच, जरा वाकलेला माणूस सगळ्यांची कामं होईपर्यंत भिंतीला टेकून उभा होता. दुकान रिकामं झाल्यावर त्याने कोटाच्या आतून एक जाड वही काढून माझ्यापुढे धरली.

"झेरॉक्स?" मी विचारलं. त्याने मानेनेच नाही म्हटलं.

"बाइंडिंग?"

त्याने माझीच पेन्सिल उचलून चिठ्ठीवर लिहिलं, 'पानं सुटताहेत. शिवून मिळेल?'

मी हातवारे करून, ओठ मोठमोठे हलवून त्याला सांगितलं, की उद्या दुपारी या. तो हसला आणि म्हणाला, "ऐकू येतं मला."

अगदी स्वच्छ म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे ओळख वाढल्यावर कळलं, की असं एखादं वाक्य न ठरवता तोंडातून निघालं तर निघे. बोलायचंच, असं मनाशी धरलं की मात्र जीभ अडायची. ब, म, व, ही ओठांवरची अक्षरं तर त्याची जन्माची वैरी. त्यातून आईबापांनी नाव ठेवलं वस्फी.

तो नगरपालिकेत मोजणीदार होता. इर्बिदच्या अर्ध्या नव्या रस्त्यांची आखणी त्याच्या हातची आहे. त्याच्या मोजणीत चार बोटांचीही चूक निघत नसे, असं त्याच्या हाताखालची माणसंच सांगत. पण साहेब झाला तो त्याच्या मागून नोकरीला लागलेला, त्यानेच शिकवलेला एक जण. बढतीच्या वेळी वरचा अधिकारी सगळ्यांदेखत म्हणाला होता, "वस्फीला बैठकीत बोलायला उभं केलं, तर दुपारचं जेवण आपण संध्याकाळी जेवू." सगळे हसले. वस्फीही हसला. हे मला त्याने सांगितलं नाही, त्याच्या बायकोने सांगितलं, पुष्कळ उशिरा.

वही शिवताना मी ती चाळली. इंग्रजी शब्दांची वही होती. अशा वह्या माझ्याकडे रोज येतात. बाहेरदेशी जायचं तर इंग्रजीची ती वरच्या पातळीची परीक्षा द्यावीच लागते आणि तिला शब्द लागतात. पण बाकीच्यांच्या वहीत डावीकडे इंग्रजी आणि उजवीकडे अरबी असतं. वस्फीच्या वहीत अरबी नव्हतंच. एक शब्द, आणि त्याच्यापुढे त्याच अर्थाचे चार, पाच, कधी सात शब्द. 'बिग'पुढे लार्ज, ह्यूज, व्हास्ट. 'प्रॉब्लेम'पुढे इश्यू, डिफिकल्टी, ऑब्स्टकल. आणि प्रत्येकात एका शब्दाखाली लाल रेघ.

दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं, "या लाल रेघा कशाच्या?"

"तो रस्ता उ... उघडा असतो," तो म्हणाला. मला काहीच समजलं नाही, आणि त्याचे कष्ट बघून मी पुन्हा विचारलं नाही.

त्या हिवाळ्यापासून तो दुपारची नमाज झाली, की कचेरीतून सरळ माझ्याकडे येऊ लागला. झेरॉक्सच्या यंत्रामागे एक स्टूल होतं, तिथे ऊब असे. मी त्याला सेजची पानं घातलेला चहा द्यायची आणि तो ओठ हलवत शब्द घोकत बसायचा. त्याचा मेव्हणा शादी ऑस्ट्रेलियात पर्थला मोजणीच्याच कामात होता. तिकडचा अर्ज पंचेचाळिशीच्या आत व्हायला हवा होता आणि परीक्षेच्या चारही पेपरांत, म्हणजे ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं, प्रत्येकात नऊपैकी निदान सात गुण हवे होते. वस्फीला तेव्हा एक्केचाळीसावं चालू होतं. वेळ भरपूर आहे, असं मला वाटलं. त्यालाही वाटलं असणार.

माझ्या दुकानातच त्याला रहफ भेटली. नर्सिंग शिकणारी बडबडी मुलगी. तिलाही हीच परीक्षा द्यायची होती. एक दिवस तिने त्याच्या वहीत डोकावून पाहिलं आणि तिचे डोळेच विस्फारले.

"अम्मो, हे सगळं तुम्हाला पाठ आहे?" आमच्याकडे काकाला अम्मो म्हणतात, आणि वडीलधाऱ्या कोणालाही.

त्याने मान हलवली.

"मग घ्या माझी परीक्षा. नाहीतर थांबा, मीच तुमची घेते. 'अनवधानाने' कसं म्हणाल?"

त्याने लिहून दाखवलं. एक नाही, चार शब्द.

"असं लिहून चालणार नाही. तोंडाने."

तो प्रयत्न करत राहिला. मान एका बाजूला वळली, डोळे मिटले, गळ्याची शीर ताठ झाली. पण मुलगी हुशार. ती म्हणाली, "बरं, आपण दोघं बरोबर वाचू. मी सुरू करते, तुम्ही माझ्याबरोबर या."

आणि तो वाचायला लागला. तिच्या आवाजाला आवाज लावून पानभर शब्द, कुठेही न अडता, खणखणीत. माझ्या हातातले कागद तसेच राहिले. त्याचा आवाज इतका भरदार आहे हे मला माहीतच नव्हतं. पान संपल्यावर रहफ म्हणाली, "झालं की. परीक्षकालाच सांगा, तुम्हीपण माझ्याबरोबर बोला."

तो इतका हसला, की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्यानंतर तीन महिने रोज हा पाठ चाले. दोघं मिळून वाचत, मग रहफ हळूहळू आवाज कमी करी आणि तो एकटाच पुढे जाई. दोन ओळी, तीन ओळी. मग अडे. मग ती पुन्हा हात द्यायची. 'अपरिहार्य'साठी पाच शब्द, 'अनिच्छेने'साठी सहा. इतर पोरं दारातूनच विचारू लागली, "ती वही आम्हाला मिळेल का?" वस्फीने हातानेच सांगितलं, घ्या. मी प्रती काढल्या. त्या वर्षी त्या वहीच्या किती प्रती माझ्या यंत्रातून निघाल्या याची गणती नाही. एकाच अर्थाचे निरनिराळे शब्द वापरले की परीक्षेत गुण वाढतात, आणि तेवढंच तर त्या वहीत होतं.

पहिल्या परीक्षेचा अर्ज मीच भरला. तो शेजारी बसला होता, पासपोर्ट हातात धरून. नाव, जन्मतारीख, पत्ता. मी विचारत नव्हते, पासपोर्टवरून बघून भराभर टाकत होते. त्याला बोलावं लागू नये, हीच माझी माया. पानाच्या खाली आणखी काही चौकोन होते. तेही मी नेहमीसारखे भरून टाकले.

परीक्षा अम्मानला. निकाल आला तेव्हा रहफच्या आधी त्याने माझ्या दुकानातच पाहिला. ऐकणं आठ, वाचणं साडेआठ, लिहिणं साडेसात. बोलणं साडेपाच.

रहफला बोलण्यात साडेसात मिळाले होते. ती रडायला लागली, स्वतःच्या निकालावर नाही. वस्फीने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'पुढच्या वेळी.' तो चिठ्ठीवर लिहायला लागला, की मला कळे, की आज काही खरं नाही.

उन्हाळ्यात रहफ मँचेस्टरला गेली. जाताना स्टुलाशी उभी राहून म्हणाली, "अम्मो, मी रोज आवाज पाठवीन. तुम्ही माझ्या आवाजाबरोबर वाचा." तिने खरंच पाठवले, बरेच महिने. तो कानाला फोन लावून पुटपुटत बसे. पण फोनातल्या आवाजाशी त्याचं जमलं नाही. तो आवाज त्याच्यासाठी थांबत नव्हता.

दुसऱ्या खेपेला बोलण्यात सहा आले. तिसऱ्या खेपेला पुन्हा साडेपाच. बाकीचे तीन पेपर दर वेळी आधीपेक्षा वरचे. शब्द वाढत होते, वही एकाची तीन झाली होती, आणि तो स्वतः आटत चालला होता. पूर्वी मला "शुक्रन" म्हणून जायचा, आता नुसता छातीवर हात ठेवायचा. त्याची वही वाचून पास झालेली पोरं मिठाईचे डबे घेऊन दुकानात येत. "उस्ताज कुठे आहेत?" म्हणत. तो यंत्रामागून उठून येई, मिठाईचा तुकडा तोंडात टाकी, त्यांना मिठी मारी आणि परत जाऊन बसे. एकदा असाच एक पोरगा गेल्यावर मी सहज म्हटलं, "अबू जुमान, तुमच्या वहीने निम्मं गाव बाहेर पाठवलं." आमच्याकडे थोरल्या मुलामुलीच्या नावाने हाक मारतात, जुमानचा बाप म्हणून तो अबू जुमान आणि साजीची आई म्हणून मी उम्म साजी.

तो बराच वेळ प्रयत्न करत होता. शेवटी म्हणाला, "त्यांना एकच शब्द लागतो. मला सात लागतात. सा... सातही कधी कधी अडतात."

तेव्हा मला ती वही समजली. लहानपणापासून तो असंच बोलत आला होता. एक शब्द अडला की दुसरा, तो अडला की तिसरा. म्हणून अरबीतही तो इतकं शुद्ध, पुस्तकी बोलायचा आणि लोक त्याला हसायचे. इंग्रजीत तेच करून ठेवलं होतं त्याने, हजारो शब्दांसाठी. लाल रेघ म्हणजे जो शब्द त्याच्या तोंडातून निघू शकतो तो.

त्याच आठवड्यात त्याची बायको इन्साफ दुकानात आली. ठेंगणी, सावळी, फटकळ बाई. शाळेत ग्रंथपाल होती. तिने दार लावून घेतलं आणि स्टुलावर बसली.

"उम्म साजी, तुमचं ऐकतो तो. त्याला सांगा, पुरे आता."

"का ग? तुझाच भाऊ बोलावतोय ना?"

"भाऊ बोलावतोय. पण हा घरात आमच्याशी बोलायचा थांबलाय. जुमान काही विचारते, तर हा फळ्यावर लिहितो. स्वयंपाकघरात फळा लावलाय, माहीत आहे? माझ्याशी भांडायचं असलं तरी लिहून भांडतो. मी म्हटलं, परीक्षेपुरते शब्द राखून ठेवतोस काय? तर खडू टाकून बाहेर गेला."

मी चहा ओतला. तिने घेतला नाही.

"आणि तो स्वतःसाठी जात नाहीये," ती म्हणाली. "तुम्हाला सांगितलं नसेल त्याने. आमच्या धाकट्या मैसलाही हे लागलंय. पाच वर्षांची होईपर्यंत पोपटासारखी बोलायची. आता अडते. वर्गात बाईंनी तिची नक्कल केली, सगळ्या पोरी हसल्या. शादी सांगतो, तिकडे अशा मुलांना शाळेतच वेगळ्या बाई असतात, बोलायला शिकवतात. तेव्हापासून याने ध्यास घेतलाय. म्हणतो, माझं झालं ते झालं."

मी त्याला काही सांगितलं नाही. काय सांगणार? चौथ्या परीक्षेचा अर्ज भरला, तोही पासपोर्टवरून, तोही भराभर. ती शेवटची होती. पुढच्या मार्चमध्ये त्याला पंचेचाळीस पूर्ण होणार होती.

त्या खेपेला इन्साफ त्याच्याबरोबर अम्मानला गेली. काय झालं ते तिने मला सांगितलं, आणि तिला त्याने त्या संध्याकाळी परतीच्या बसमध्ये, वहीच्या मागच्या पानावर लिहून.

लेखी पेपर उत्तम गेले होते. बोलण्याच्या परीक्षेला तो खोलीत शिरला. परीक्षक बाई वयस्कर, शांत होत्या. त्यांनी आवाज टिपायचं यंत्र सुरू केलं, तारीख सांगितली आणि पहिला प्रश्न विचारला, आपलं पूर्ण नाव काय? नावाला दुसरा शब्द नसतो. दर खेपेला तो इथेच अडकायचा आणि उरलेली बारा मिनिटं त्या धक्क्यातून सावरण्यात जायची. या खेपेला 'व'वर ओठ मिटले ते सुटेचनात. त्याने लिहिलं होतं, 'घड्याळ दिसत होतं. मी चाळीस सेकंद मोजले.' बाईंनी धीराने वाट पाहिली, मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, पासपोर्ट दाखवला तरी चालेल. चांगुलपणानेच म्हणाल्या. त्याने पासपोर्ट दाखवला. आणि मग त्याला एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. गावाबद्दल विचारलं, कामाबद्दल विचारलं. सगळे शब्द डोक्यात रांगेने उभे होते, म्हणे. सातव्या मिनिटाला तो उठला, बाईंना वाकून नमस्कार केला आणि बाहेर आला.

"बाहेर आला तेव्हा मला वाटलं, छान झालं असणार," इन्साफ म्हणाली. "चेहरा इतका मोकळा होता."

बोलण्याला चार आले. मार्च आला आणि गेला. वस्फी दुकानात यायचा थांबला.

मे महिन्यात एक बाई तिच्या मुलीचा अर्ज भरायला आली. मुलीची नजर अधू होती, जाड चष्मा, कागद नाकाशी धरून वाचत होती. आईने विचारलं, "मोठ्या अक्षरातला पेपर मिळतो का हो?" मी म्हटलं, बघते. अर्जात शोधता शोधता मी पानाच्या तळाशी आले. तिथे एक चौकोन होता, उमेदवाराला काही खास सोय हवी आहे का? मी आजवर तिथे डोळे मिटून 'नाही' दाबत आले होते. या वेळी 'हो' दाबलं. खाली यादी उघडली. नजर. श्रवण. हाताचं दुखणं. आणि चौथ्या ओळीत, बोलण्यातील अडचण, अडखळणे. डॉक्टरचा दाखला आधी पाठवल्यास बोलण्याच्या परीक्षेत जादा वेळ.

त्या मायलेकींचा अर्ज मी कसा पुरा केला, मला आठवत नाही. त्या गेल्यावर दाराला कडी लावली आणि संगणकातले जुने अर्ज उघडले. वस्फीचे चार होते. चारही ठिकाणी नाही, नाही, नाही, नाही. माझ्या हाताने.

जादा वेळाने त्याचं निभावलं असतं की नाही, कोण सांगणार? कदाचित तरीही साडेसहाच आले असते. पण खोलीत शिरण्याआधीच त्या बाईंच्या हातात कागद असता, की हा माणूस अडखळतो, त्याला वेळ द्या. मग ते चाळीस सेकंद त्याचे हक्काचे असते.

दोन दिवस मी गप्प राहिले. कुणाला कळणार होतं? तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी त्यांच्या घरी गेले. इन्साफने भाताचं मक्लूबा केलं होतं, मला जेवायला बसवलं. मी ताट सरकवलं आणि सगळं सांगून टाकलं. फोनवर तो चौकोन काढून वस्फीपुढे धरला.

त्याने चष्मा लावला. यादी वाचली, पुन्हा वाचली. मुली जेवायच्या थांबल्या होत्या. त्याने फोन मला परत दिला, अगदी जपून, जणू माझीच काही मोडकी वस्तू होती. मग तो बोलायला लागला. फळा शेजारीच होता, पण तो उठला नाही. खूप वेळ लागला. कोणी मध्ये बोललं नाही.

"तुम्ही वि... विचारलं असतं, तरी मी नाहीच म्हटलं असतं," तो म्हणाला. "कागदावर कशाला लि... लिहून द्यायचं, म्हटलं असतं."

मला सुटल्यासारखं वाटलं. क्षणभरच. कारण इन्साफ म्हणाली, "त्याचं ऐकू नका, उम्म साजी. तो तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणतोय. आणि खरं असलं, तरी मी त्याला हो म्हणायला लावलं असतं. मुलीसाठी. मला कोणी विचारलंच नाही."

आवाज चढवला नाही तिने. माझ्या ताटात आणखी भात वाढला. मी तो खाल्ला. सगळा खाल्ला. दुसरं काय करता येणार होतं?

दाराशी वस्फीने नेहमीसारखा छातीवर हात ठेवला. मी माफी मागितली का, हेही मला नीटसं आठवत नाही. बहुतेक नाही. जे बोलायला हवं होतं त्यासाठी मला एकही शब्द सापडला नाही.

त्या वर्षाअखेर त्याने बदली मागून घेतली. आता तो दूर नदीकाठी, घोर म्हणतात त्या खोऱ्यात कालव्यांच्या मोजणीवर असतो. आठवडाभर तिकडे, गुरुवारी घरी. तिथे बोलायला फारसं कोणी नसतं, एवढंच मला कळलं. रहफने एकदा मला फोन करून त्याची चौकशी केली. बरा आहे, असं मी सांगितलं.

गेल्या रमझानच्या आधी मी त्याला भाजीबाजारात पाहिलं. दोन्ही मुली बरोबर होत्या. जुमान आता बरीच उंच झालीय, बापासारखी. भाजीवाला ओळखीचा होता. "अबू जुमान, कुठे असता? दिसत नाही," तो म्हणाला. जुमानने उत्तर दिलं, "बाबा कामावर असतात, अम्मो. अल्लाच्या कृपेने बरे आहेत." मग भाजीवाल्याने खाली वाकून मैसला विचारलं, "आणि तू ग? कितवीत गेलीस?"

मैसने तोंड उघडलं. तिची मान एका बाजूला वळायला लागली. वस्फी भेंड्या निवडत होता, त्याचा हात थांबला.

"चौथीत," जुमान म्हणाली. "दीड किलो द्या, आणि कोवळ्या बघून द्या."

मैसने तोंड मिटलं. वस्फीने भेंड्यांची पिशवी पुढे केली. मी दोन दुकानं सोडून उभी होते. हाक मारावी असं वाटलं, पण मारली नाही.